मिसेस पॅगेटच्या शेवटच्या चहाचं टिपण

लंडन,
रविवार, ३१ मे २००९

ग्वेनेथ आत्यास नेरिसचा आदरपूर्वक नमस्कार.

तुझा गुडघा आता कसा आहे? पोस्टाचं छप्पर दुरुस्त झालं, की अजून टपालाच्या पिशवीशेजारी बादली ठेवतेस? माझ्या हिवाळी कपड्यांची पेटी तुला मिळाली असेलच. उघडली नसशील तर उघडू नकोस. मोजे धुतलेले नाहीत. मी बरी आहे आणि जेवते. (तू विचारणारच. काल अंड्याचं सँडविच खाल्लं, सगळं.)

माझं मार्चमधलं पत्र तू नेहमीप्रमाणे लाल शाईत तीन चुका दाखवून परत पाठवलंस, त्याबद्दल आभारी आहे. चौथी चूक मात्र तुझ्याही नजरेतून सुटली, कारण ती शुद्धलेखनाची नव्हती. मी लिहिलं होतं, की आमच्या चेंबरमध्ये एकतीस वर्षं चहा करणाऱ्या मिसेस पॅगेट सहा मार्चला स्वखुशीनं निवृत्त झाल्या आणि आम्ही केक कापून त्यांना निरोप दिला. यातली तारीख बरोबर आहे. केकही खरा होता, पण त्याच्यावर 'अभिनंदन, टोबी' असं लिहिलेलं होतं (टोबीला त्या आठवड्यात ज्येष्ठ वकील केलं), आणि मिसेस पॅगेटना त्यातला तुकडा मिळाला तो केक त्यांनीच कापला म्हणून. त्या निवृत्त झाल्या नाहीत. त्यांना काढून टाकलं. मी त्या वेळी खोलीत होते, आणि तरी तुला लिहिताना फलकावर लावलेलं निवेदन उतरवून काढलं, कारण ते आयतं होतं आणि मला भीती वाटत होती. अकरा वर्षांची होईपर्यंत तू मला काउंटरमागं बसवून शिकवलंस ते हेच, की चुकलेलं पुसायचं नाही. एकच सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला सही. तर त्या वाक्यावर मी रेघ मारते आहे. सही: ने. प्रोबर्ट.

आता हे सगळं नीट सांगायचं तर आमचं काम पुन्हा समजावून सांगते, कारण तुझ्या पत्रावरून दिसतं, की गावात अजून सगळे समजतात मी खुनी लोकांना सोडवते. आम्ही फक्त नोकरीची भांडणं लढतो. कुणाला विनाकारण काढलं, कुणाची बढती अडवली, कुणाला साहेब सगळ्यांदेखत बटाटा म्हणाले. यासाठी ना केसांचा टोप लागतो ना झगा. ट्रायब्युनलपुढं, म्हणजे नोकरीच्या कोर्टापुढं, उभंही राहायचं नसतं, बसूनच बोलायचं. आमच्या चेंबरमध्ये असे सत्तावीस बॅरिस्टर एका छपराखाली बसतात, आणि मी अठ्ठाविसावी, शिकाऊ. येत्या आठ जूनला ते सत्तावीस जण मतं टाकून ठरवणार, की मला कायमची जागा द्यायची की पुस्तकं उचलून वाटेला लावायचं. आमचे प्रमुख श्री. हॅदर्ली. 'नोकरीवरून कमी करणे: कायदा आणि रीत' हा अकराशे पानांचा ग्रंथ त्यांचाच. (त्याची जुनी आवृत्ती मिसेस पॅगेटनी चहाच्या टेबलाच्या आखूड पायाखाली ठेवली होती. त्या म्हणायच्या, हे पुस्तक नसतं तर एकतीस वर्षांत कितीजण भाजले असते.)

मे महिन्यात मला माझी पहिली स्वतःची केस मिळाली. माझे अशील मासे कापणारे पन्नाशीचे गृहस्थ होते. त्यांनी दुकानातल्या एका ईल माशाला मालकाचं नाव ठेवलं आणि गिऱ्हाइकासमोर तो त्याच नावानं हाक मारून कापला, म्हणून त्यांना काढलं होतं. आमच्यात एक नियम आहे: आपल्याच अशिलाविरुद्ध जाणारा जुना निकाल सापडला आणि तो समोरच्या वकिलाला माहीत नसेल, तरी आपण तो न्यायाधीशांना सांगायचा. इतर वकील असला निकाल फार मेहनत घेऊन शोधत नाहीत. मी आठवडाभर शोधला. सापडला. सांगितला. आम्ही वीस मिनिटांत हरलो. समोरच्या वकिलानं मला पेपरमिंट दिलं, आणि माझे अशील जिन्यात शांतपणे म्हणाले, "पोरी, राग नको मानूस, पण तू नक्की कुणाकडून होतीस?"

दुसऱ्या दिवशी श्री. हॅदर्लींनी मला खोलीत बोलावलं. मला वाटलं, संपलं. पण ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, की अशी सचोटी त्यांनी वीस वर्षांत पाहिली नाही, आणि आता याच सचोटीनं मी त्या सहा मार्चच्या बैठकीचं टिपण जरा स्वच्छ लिहून काढावं. कारण काढल्याबद्दल दाद मागणारं मिसेस पॅगेटचं पत्र आलं होतं.

त्या बैठकीचं टिपण माझ्याकडे आलं त्यात माझाच गुण आडवा आला. शिकाऊ माणसानं सगळीकडे वही घेऊन बसायचं असतं, आणि मी ऐकलं तसंच्या तसं उतरवते अशी माझी ख्याती झाली होती. कायद्यानं माणसाला काढायच्या तीन पायऱ्या होत्या: आधी लेखी कारण द्यायचं, मग बैठक घ्यायची, मग त्याला दाद मागू द्यायची. (ग्रंथाचं सहावं प्रकरण.) आमच्या सहाजणांच्या समितीनं फक्त मधली पायरी घेतली, आणि तीही अशी, की मिसेस पॅगेट नेहमीप्रमाणे चार वाजता चहा घेऊन आत आल्या तेव्हा बैठक त्यांच्याविषयी आहे हे त्यांना सोडून सगळ्यांना माहीत होतं. टिपण मला तोंडपाठ आहे, म्हणून इथं देते.

हॅदर्ली: मिसेस पॅगेट, थांबा जरा. बसा.
मिसेस पॅगेट: कुठं बसू? सहा खुर्च्या, सहा साहेब.
(कुणी उठलं नाही. मिसेस पॅगेट ट्रे धरून उभ्या.)
हॅदर्ली: पुढच्या आठवड्यापासून आपल्याकडं यंत्र येतंय. बटण दाबलं की चहा, बटण दाबलं की कॉफी.
मिसेस पॅगेट: बरं झालं. ते पुसायचं काम माझंच ना?
हॅदर्ली: (तोंडात बिस्किट) तसं नाही. म्हणजे, तुमच्या वयाला आता समुद्रकिनारी घर घेऊन निवांत बसावं.
मिसेस पॅगेट: समुद्रकिनारी माझी बहीण बसलीये. तिच्यापासून लांब राहायचं म्हणून तर लंडनला आले. आणि एकसष्ट हे काय वय झालं? तुमचं किती?
(श्री. हॅदर्ली चौसष्ट आहेत.)
हॅदर्ली: आजपासूनच मोकळ्या झालात असं समजा.
मिसेस पॅगेट: यंत्राला माहीत आहे का, की तुम्ही सगळ्यांसमोर साखर नको म्हणता आणि तीन चमचे लागतात?
(श्री. हॅदर्ली कागद चाळतात.)
मिसेस पॅगेट: अजून कुणाला चहा?
(सर्वानुमते होकार.)

आत्या, नोकरीच्या कायद्यातले सहा निष्णात लोक त्या खोलीत बसले होते. एखाद्या कारखानदारानं असं केलं असतं तर त्यांनी त्याला उलटतपासणीत सोलून काढलं असतं. इथं त्यांनी दुसरा कप घेतला. आता श्री. हॅदर्लींचं म्हणणं एवढंच होतं, की 'तुमच्या वयाला' ऐवजी 'तुमच्या दीर्घ सेवेनंतर' असं वाचायला बरं वाटेल, आणि बिस्किटाचा उल्लेख अनावश्यक आहे. त्यांनी मूळ वहीही मागितली. मी "हो सर" म्हणाले. (मी नेहमीच आधी "हो सर" म्हणते आणि मग स्वच्छतागृहात जाऊन विचार करते.)

दोन दिवसांनी चेंबरसमोरच्या बागेतल्या बाकावर मिसेस पॅगेट माझी वाट बघत बसल्या होत्या, मांडीवर थर्मास आणि ट्रायब्युनलचा अर्ज. मला त्यांनी आधी चहा दिला आणि मग सांगितलं, की त्यांना वकील मिळत नाही. आमच्या धंद्यात टॅक्सीच्या रांगेसारखा नियम आहे, पुढं येईल त्या गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नाही. पण लंडनमध्ये नोकरीचा कायदा जाणणारा प्रत्येक माणूस कधी ना कधी आमच्याकडं वाटाघाटीला येऊन त्यांचा चहा प्यायलेला आहे, आणि प्रत्येकानं फार खेद वाटून कळवलं, की जुन्या संबंधांमुळे आपल्याला ही केस घेता येत नाही. "एकतीस वर्षं त्या टॅक्सीच्या नियमावर भाषणं ऐकत चहा ओतला," त्या म्हणाल्या. "आता मी रांगेत उभी राहिले, तर सगळ्या टॅक्स्यांचे दिवे बंद!" मग अर्जावर बोट ठेवून म्हणाल्या, "हे बघ पोरी, मी एकटी बोलणार आणि सहा साहेब म्हणणार, असं काही झालंच नाही. तुझा कागद असेल तर हा अर्ज टाकते. नाहीतर फाडून टाकते आणि बहिणीकडं जाते. तुझ्यावर जबरदस्ती नाही. तुझं मतदान आहे, मला माहितीये. अजून घेतेस?" अर्जाची मुदत तीन महिन्यांना एक दिवस कमी, म्हणजे पाच जून. मतदान आठला. तीन दिवस इकडेतिकडे झाले असते, तर मला धीट व्हायची गरजच पडली नसती.

वकिलांच्या सचोटीच्या शंका फोनवर सोडवणारी एक जागा आहे. मी नाव न सांगता तिथं फोन केला (आवाजही थोडा बदलला). विचारलं, की एका चेंबरमध्ये, समजा, चहा करणाऱ्या बाईंच्या बैठकीचं टिपण एका शिकाऊ बॅरिस्टरकडे असेल, तर ते गुपित आहे का? पलीकडच्या बाई म्हणाल्या, "अशिलाचं नाही ना? मग गुपित कसलं? खरं ते द्यायचं, आणि बदलायचं तर मुळीच नाही." आणि फोन ठेवता ठेवता, "मिसेस पॅगेटना माझा नमस्कार सांगा हं."

म्हणजे नियमाचा आधारही गेला. आता फक्त माझं भित्रेपण उरलं. आमचा हेडक्लार्क डेस (बॅरिस्टर कुठं जाणार, काय खाणार, कुणाची केस घेणार हे सगळं तो ठरवतो, आणि वर आम्हाला मिस आणि सर म्हणतो) त्यानं मला जिन्यात गाठलं. "मिस, तुमच्या डोक्यात काय चाललंय ते सगळ्या मजल्याला ऐकू येतंय. हॅदर्लीसाहेबांच्या खिशात नऊ मतं आहेत. नऊ."

"आणि बाकीची अठरा?"

"बाकीचे अठरा तीन महिने त्या यंत्रातलं तपकिरी पाणी पितायत," डेस म्हणाला. "आणि मतदान गुप्त असतं, मिस. मी काही बोललो नाही."

मला यातून धीर आला असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. मला नऊ हाच आकडा ऐकू आला. मी पुन्हा स्वच्छतागृहात गेले. तिथं उभी असताना मला तो मासेवाला आठवला, आणि तू नक्की कुणाकडून होतीस हा त्याचा प्रश्न, आणि त्याला मी अजून उत्तर दिलेलं नाही हे. मग बाहेर येऊन मी टिपणाची स्वच्छ प्रत लिहायला घेतली. एका बैठकीत झाली. 'तुमच्या वयाला' या शब्दांवर श्री. हॅदर्लींच्या इच्छेप्रमाणे मी रेघ मारली आहे. एकच, सरळ. खालचं स्वच्छ वाचता येतं. बाजूला लिहिलं आहे: 'श्री. हॅदर्लींच्या सूचनेवरून', तारीख, सही. बिस्किट तसंच ठेवलं.

बाबांना यातलं काही सांगू नकोस. शेजारच्या घरी आणि कोंबड्यांना आठवण.

तुझी,
नेरिस

ता. क. पेटी उघड. मोज्यांच्या खाली निळी वही आहे, पान एक्केचाळीस. श्री. हॅदर्लींनी मूळ वही मागितली तेव्हा मी म्हणाले, "घरी आहे, सर." हे खोटं नाही, कारण घर म्हणजे तुझ्याकडचं, पण ते बोलल्यावर लगेच ती पाठवावी लागली, म्हणजे वाक्य खरं होण्याआधी तीन तास खोटं होतं. मिसेस पॅगेटनाही मी तेच सांगितलं. हे पत्र तुला मंगळवारी मिळेल. वही त्याच दुपारच्या पिशवीत रजिस्टर करून टाक, म्हणजे बुधवारी माझ्या हातात येईल. खरं तर हे सगळं पत्र एवढ्यासाठीच लिहिलं.

ता. क. पेटी तू केव्हाच उघडली असशील आणि वही वाचलीही असशील, हे मला माहीत आहे. कृपा करून तिच्यात लाल शाई लावू नकोस. ती आता पुरावा आहे. लावली असशील, तर पुसू नकोस. बाजूला तारीख घालून सही कर.

ता. क. पोस्टावरची खोली रिकामी आहे का? नुसतं विचारून ठेवते. आणि काउंटरवर तुला मदतीला कुणी हवं असेल, तर मला आधी लेखी कळव. तोंडी नेमणुकांचं पुढं काय होतं ते मी पाहिलं आहे.

ता. क. मुदतीच्या शेवटच्या दिवशी धावत येणाऱ्यांकडं तू चष्म्यावरून कसं बघतेस ते मला आठवतं, म्हणून पाच तारखेची वाट बघणार नाही. साडेनऊला श्री. हॅदर्लींच्या खोलीत जाऊन स्वच्छ प्रत त्यांच्या हातात देईन आणि मूळ वही कुणाकडे चालली आहे ते सांगेन (या वेळी "हो सर" न म्हणता), आणि दहाला बागेतल्या बाकावर मिसेस पॅगेटना वही देईन. त्या थर्मास आणणार आहेत. गुरुवार, चार जून.