हवा बिघडलेली राहो

१६ डिसेंबर, सकाळ
दिल्लीची हवा बिघडली म्हणून कॉलेज बंद, वर्ग ऑनलाइन. मी परभणीजवळच्या झरीत, घरी, आई-अप्पांजवळ. मागे राहिलेला सगळा अभ्यास आता शांतपणे पूर्ण करणार. वेळापत्रक केले, रंगीत पेनांनी. उद्यापासून.

१८ डिसेंबर
वर्गाला हजर. कॅमेरा बंद, माइक बंद. बाकीचे घाईघाईने इंग्रजी बोलतात. मी विचार करून बोलणारा आहे. अजून विचार चालू आहे.
प्रत्येकाने पेपर सादर करायचा. कॉलेज उघडले तर वर्गासमोर उभे राहून. न केल्यास परीक्षेला बसता येणार नाही. घरून बोलणे सोपे. वेळापत्रक नव्याने केले.

२२ डिसेंबर, सोमवार
दिल्लीची हवा सुधारावी म्हणून आईने उपास धरलाय. म्हणाली, "लेकराचं कॉलेज बंद पडलंय, महादेव बघंल." मीही शेजारी पूजेला बसलो. गळ्यातले इष्टलिंग तळहातावर घेऊन मागितले, हवा अजून थोडे दिवस अशीच राहू दे. वाईट हेतू नाही. तयारीसाठी. आपण आधीच पोहे खाल्लेत, हे नंतर आठवले. पूजेआधी खाणे चालत नाही.

२३ डिसेंबर
हवेच्या ॲपवर दिल्ली जांभळी, म्हणजे हवा फार वाईट. बरे वाटले. रूममेट चंद्रभान, माझ्याच वर्गातला, तिथेच आहे. फोनवर खोकत म्हणाला, "तुझी मजा हाय गड्या." त्याच्यासाठी वाईट वाटले. पुन्हा ॲप पाहिले.

२६ डिसेंबर
सरांनी नाव पुकारले. माइक उघडून "सर, नेटवर्क" एवढेच म्हणालो, तर मागून आई: "नेटवर्क लय भारी हाय की! आत्ताच तुझ्या मावशीचं तोंड बघत बोलले." चंद्रभानने सगळ्यांना अर्थ सांगितला. सरांनी पुढच्या शुक्रवारची मुदत दिली. बहीण शिवरंजनी अजून हसायलीय: "दादा, साऱ्या दिल्लीनं आईला ऐकलं, तुला न्हाई."

२९ डिसेंबर
दिल्लीत पाऊस. ॲप हिरवे. कॉलेज उघडले. आईने गल्लीत साखर वाटली. अप्पांनी दुकान बंद ठेवून माझे तिकीट काढून आणले.

३१ डिसेंबर
परभणी स्टेशनपर्यंत गेलो. गाडी आली. घसा बसल्यासारखा वाटला. अशा घशाने पेपर वाचणे बरोबर नाही. परत आलो. हवा पुन्हा बिघडेल, घाई कशाला.

२ जानेवारी, शुक्रवार
सादरीकरणे संपली. परीक्षेच्या यादीत माझे नाव नाही, चंद्रभानचा फोन. घरी सांगितले. अप्पा उठून दुकानात गेले.
संध्याकाळी दुकानात गेलो. गल्ल्याशेजारी नवी खुर्ची. अप्पा म्हणाले, "बस."
पाठीला आधार चांगला आहे. इथे अभ्यास होईल.