सात-दहाची हिरवी खूण

१ फेब्रुवारी, शनिवार

एकट्याने सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या माझ्या बंधूंनो आणि भगिनींनो, आपलं गाऱ्हाणं एकच आहे. आपण दिवसभर राबतो आणि घरचे विचारतात, नोकरी कधी लागणार? त्या प्रश्नाकडे पाठ फिरवून आज मी नांदेडहून हैदराबादला आलो. बरकतपुऱ्यात वरच्या मजल्यावर खोली मिळाली. भरपूर उजेड, लाकडी टेबल, अठरा पायऱ्यांचा जिना. खाली घरमालकीण सुशीलाबाई एकट्या राहतात, कोर्टातल्या नोकरीतून निवृत्त झालेल्या. त्यांनी पहिल्याच दिवशी शिरस्ता सांगून टाकला. साडेदहाला झाडूच्या दांड्याने छताला ठोकणार, म्हणजे चहा तयार. मी टाचेने दोनदा ठोकलं तर येतोय, एकदा ठोकलं तर कामात आहे. कॉलेजात मी सभा हलवून सोडत असे, इथे टाचेने बोलणार. मजा वाटली.

४ फेब्रुवारी, मंगळवार

माझ्या अ‍ॅपचं नाव ‘मी आहे’. मुलं डॅलसला, आईबाप इथे चिक्कडपल्लीत, हेच आपल्या घराघरांतलं चित्र. आईबापांनी सकाळी एक मोठं बटण दाबायचं, की मुलाचा फोन टिंग वाजतो आणि त्यावर हिरवी खूण उमटते. नऊपर्यंत खूण आली नाही तर तिकडे घंटा वाजते. एकेचाळीस घरं जोडली गेली. सुशीलाबाईंच्या फोनवर मी माझंही नाव घालून दिलं. त्या म्हणाल्या, “बरं झालं, मंदार. माझे गुडघे जिना चढू देत नाहीत. खूण दिसली की समजते, वरचे जिंदा आहेत.”

७ फेब्रुवारी, शुक्रवार

स्टोअरवाल्यांनी अ‍ॅपची नवी आवृत्ती तिसऱ्यांदा परत पाठवली. का, तर चित्राचे कोपरे गोल नाहीत. एका ग्राहकाने एक तारा दिला, बटण फार मोठं आहे म्हणून. दुसऱ्यानेही एकच दिला, बटण दिसत नाही म्हणून. कारागीर मी, कारकून मी, तक्रारखिडकी मी, आणि खिडकीबाहेर शिव्या खाणाराही मीच. डावा हात जड वाटतो. खुर्चीचा दोष असावा.

११ फेब्रुवारी, मंगळवार

डॅलसच्या सौरभची तक्रार आली. विद्यानगरला राहणारे त्याचे वडील, लक्ष्मणराव वकील, कालपासून फोन उचलत नाहीत, पण खूण रोज येते. मी नोंदी तपासल्या. सगळं बरोबर होतं. आपल्या धंद्यातलं जगप्रसिद्ध उत्तर मी पाठवलं, माझ्याकडे दोष आढळत नाही, आणि तक्रार बंद केली. संध्याकाळी त्याने ती पुन्हा उघडली. मी पुन्हा बंद केली. विद्यानगर इथून रिक्षाने दहा मिनिटांवर आहे.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज गेलो. दार फोडलेलं होतं. शेजारच्या नीलिमाताईंनी सांगितलं की लक्ष्मणराव सोमवारी न्हाणीघरात पडले. डॉक्टरांच्या मते ते बुधवारपर्यंत जिवंत होते. ताई रडत नव्हत्या, चिडल्या होत्या. “पोरगा म्हणत होता, अ‍ॅपवाल्यांनी तपासलंय, खूण येतेय, बाबा ठीक आहेत. म्हणून आम्हीही दार नाही वाजवलं.”

सोमवार, मंगळवार, बुधवार. तिन्ही दिवस खूण होती, सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

सापडलं. स्टोअरच्या तपासनिसाला यादी रिकामी दिसू नये म्हणून मी कोडचा एक तुकडा लिहिला होता. सकाळी सात-दहाला तो सगळ्या नावांपुढे आपोआप खूण करायचा. तपासणी झाली की काढायचा होता. राहिला. मीच लिहिला, मीच विसरलो, आणि मीच छाती पुढे काढून म्हणालो, दोष आढळत नाही.

तुकडा काढला. एकेचाळीस घरांसाठी कबुलीचं पत्र लिहिलं.

पाठवलं नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सात-दहाला एकेचाळीस खुणा. लक्ष्मणरावांचीही. तुकडा कुठेच नाही, ओळन्‌ओळ वाचली. मग दाबतंय कोण?

लक्ष्मणरावांचं नाव यादीतून पुसलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

नाव परत आलंय. पुढे खूण.

सर्व्हरच बंद केला. आता कुठून कुठे काही जायला वाटच नाही. हात फार जड. साडेदहाला दांडा वाजला, मी एकदाच ठोकलं. सुशीलाबाईंना काय तोंड दाखवू?

१७ फेब्रुवारी, सोमवार

सर्व्हर बंद. सात-दहाला खाली सुशीलाबाईंचा फोन वाजला. माझ्या नावाची खूण. मी बटणाला हात लावला नव्हता.

पत्र पाठवलं, सगळ्यांना. खुणेवर भरवसा ठेवू नका, दार वाजवा. संध्याकाळपर्यंत नऊ उत्तरं. नऊही एकसारखी. अ‍ॅप छान चाललंय, पाच तारे.

सुशीलाबाई पत्रं वाचत नाहीत. उद्या चहाला जाऊन तोंडानेच सांगेन.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

पडलोय. टेबलापाशी. डावी बाजू गेली. वही माझ्याबरोबरच खाली आली, फोन वर राहिला. आवाज फुटत नाही — मला, ज्याच्या आवाजाने —

सात-दहा. खाली फोन वाजला.

दांडा वाजला. मी मूठ आपटली. एकदाच जमलं. दुसऱ्यांदा हात उचलेपर्यंत —

त्या खाली कुणाला तरी सांगतायत, कामात आहे बिचारा, खूण आलीय.

बुधवार असावा

तहान. पुन्हा सात-दहा. पुन्हा मी आहे.

दांडा. मूठ. एकच.

लक्ष्मणरावांनीही असंच ऐकलं असेल. घंटा न वाजणं.

उजेड आहे

सुशीलाबाई, खूण मी करत नाही. गुडघे धरा, कठडा धरा, पण या. अठराच पायऱ्या —

बंधूंनो, भगिनींनो, नोंदी तपासू नका. ज्याची खूण येतेय त्याच्या दारापर्यंत जा. आज. उठा, चप्पल घाला आणि दार वाज