मॅडमसाठी आणलेली मरळ

मंगळवार, गडचिरोली, होस्टेल

बादलीतली मरळ अजून हलून राह्यली. हा मासा लवकर मरत नाई.

एम.ए.च्या प्रबंधाले गाईड म्हणून मले मॅडमच पाहिजे होत्या. मानसशास्त्र शिकवणाऱ्यांत त्या एकट्याच समोरच्याचं बोलणं पुरं ऐकून घेतात. मागच्याच आठवड्यात विचारणार होती. पण बाबा म्हणाले, "गुरूकडं रिकाम्या हातानं जाऊ नाई. तलावात जाळं पडू दे, मरळ देतो." म्हणून थांबली. काऊन थांबली मी?

आज गावाहून पिशवी मांडीवर घेऊन बसनं आली. मॅडम हळहळल्या. "अगं, माझ्या जागा कालच भरल्या. आधी का नाही आलीस?" पाठीमागं लपवलेल्या पिशवीत मरळ फडफडत होती. ती तशीच घेऊन होस्टेलवर आली.

आता सरच उरले. समुपदेशनाचा पेपर तेच शिकवतात. त्यांच्या केबिनमध्ये एकटी जाऊ नको, गेलीस तर दार लावू देऊ नको, हे सीनियर ताईनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आता वर्षभर तिथंच जायचं. कोणाले सांगू? शिक्षण सोडू? मंग घरी कारण काय देऊ?

मघाशी बाबांचा फोन आला. मॅडम नाई, सर मिळाले, एवढंच बोलली. थांबल्यामुळं जागा गेली, हे त्यांना कसं सांगू? ते तर खूश झाले. "मंग सरालेबी पाठवतो मरळ. आपल्या पोरीवानी पाहतीन तुले."

मी हो म्हटलं.