‘मदत’मधला द

दिनांक १४ ऑक्टोबर २०२५, मंगळवार, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटे. मिस्त्रींच्या खुर्चीदुरुस्तीच्या दुकानात एका स्टुलाला पॉलिशपेपर मारत होतो. तो बाजूला ठेवून लिहून ठेवतो की मी, वय एकोणीस, शिक्षण आठवी, हुद्दा शिकाऊ उमेदवार, टोपणनाव वेलांटी, पूर्ण शुद्धीवर आहे. मुख्य म्हणजे जिवंत आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. आत्या शेजारी उभी आहे, पण ती असतेच.

कारण असे. मंदीत शिकाऊ उमेदवार ठेवणाऱ्या लहान दुकानांना सरकार तीन महिने त्याचे निम्मे विद्यावेतन देते. मिस्त्रींनी अर्जावर विषय लिहिला, ‘शिकाऊ उमेदवार मयत’. लिहायचे होते ‘मदत’. मी अर्ज तपासायला मागितला होता, तेव्हा ते म्हणाले, “माझ्या अक्षरात काना-मात्रा शोधशील तर रंधा फेकून मारीन.”

काल कचेरीतल्या बाई म्हणाल्या, “नोंदीत तुम्ही मयत आहात. मदत बंद.”

“बाई, मी समोर उभा आहे ना!”

“नुसतं उभं राहून चालत नाही. सही-साक्षीदारांचा कागद आणा. उद्या पाचपर्यंत.”

मदत बंद झाली तर एक तारखेपासून मला ठेवणे मिस्त्रींना झेपणार नाही. हे ऐकून आत्या म्हणाली, “मग मृत्युपत्र कर की! मेलेल्याला कुठं करता येतं ते?”

कलम १. माझी पटाशी दुकानाला. तिने रंगाचे डबे उघडू नयेत. मिस्त्री उघडतात.

कलम २. आत्याने गल्लीभर “आमचा उमेदवार” असे सांगितल्यापासून लोक मला तुंबलेल्या गटारांच्या तक्रारी देतात. त्या सर्व (एकूण सात) आत्याला.

कलम ३. शुद्धलेखनाची वही मिस्त्रींना. पान ४१ दुमडून ठेवले आहे. रंधा प्रत्यक्षात फेकला नाही, याबद्दल आभार.

कलम ४. कचेरीतल्या बाईंच्या खुर्चीचा मागचा डावा पाय डुगडुगतो. तो मी आज पाचच्या आत बसवून देईन. मेल्यावर जमणार नाही.

ठिकाण: दुकानाची पुढची खोली.

साक्षिदार १: मिस्त्री. (‘साक्षीदार’मधली वेलांटी दुसरी हवी. दुरुस्त करू दिली नाही. म्हणाले, “जिवंत आहेस ना? मग राहू दे एवढी.”)

साक्षीदार २: आत्या. (दोनदा सही केली. एक पुरे होती.)

सही: वेलांटी

ताजा कलम, पाचला दहा कमी, कचेरी. पाय बसवला. बाई दोनदा मागे रेलल्या, मग कागदावर शिक्का मारला.

खर्च: कोरा कागद २ रुपये, स्क्रू चार ८ रुपये, जाण्यायेण्याचे भाडे २० रुपये. एकूण ३० रुपये.

येणे: तीन महिन्यांची मदत.

येणे: एक ‘द’. आज मिळाला.