रांगेतले सतरावे

प्रिय बेव्ह,

पाकीट बघून तू आधी घाबरशील आणि मग चिडशील. आपल्याकडे हल्ली पत्र येतं ते नगरपालिकेचं, नाहीतर गेलेल्या माणसाच्या नावाचं. बाबांच्या नावाने अजून रोज काहीतरी येतंच आहे. काल कानाच्या मशीनवाल्यांनी त्यांना तपासणीची आठवण करून दिली. फोन का नाही केलास, असं विचारशील. केला होता गं. रविवारी केला, परवा बुधवारी केला. दोन्ही वेळा तू विचारलंस, "ठीक आहेस ना?" मी म्हटलं, "ठीक. तू?" तू म्हणालीस, "चाललंय." मग कचऱ्याची गाडी आता तीन आठवड्यांनी येते यावर आपण दहा मिनिटं बोललो. फोनवर मला यापलीकडे काही जमत नाही, म्हणून टेबलाशी बसून लिहितेय.

मंगळवारी सकाळी दहाला तू ब्रिस्टलहून येऊन आमच्या दवाखान्यात बसशील. आमच्या मॅनेजर, मिसेस प्रॉक्टर, त्या सोमवारच्या फोनचं रेकॉर्डिंग लावतील; ते कंपनीकडून त्याच दिवशी येणार आहे, अजून कुणी ऐकलेलं नाही. तू तक्रार केलीस, रेकॉर्डिंग मागितलंस. तुझा हक्कच आहे तो. छातीत होतंय म्हणणाऱ्या एक्क्याऐंशी वर्षांच्या माणसाला तीन दिवसांनंतरची वेळ कुणी दिली, हे तुला ऐकायचंय. ते ऐकून झालं की माझ्याबरोबर फोनवर बसणाऱ्या फरझानाची नोकरी राहते की जाते ते ठरणार. म्हणून सांगते, हे पत्र मंगळवारच्या आत पूर्ण वाच. मधेच फाडू नकोस. फाडायचंच असेल तर सही वाचून झाल्यावर फाड.

तू गाव सोडलंस तेव्हा डॉक्टरकडे नुसतं जाऊन बसलं की झालं, असे दिवस होते. आता सकाळी आठ म्हणजे आमच्याकडे लढाई. सात एकोणसाठला सगळं गाव बोट बटणावर ठेवून बसलेलं असतं. आठला फोन सुरू होतात आणि आठ वाजून वीस मिनिटांनी त्या दिवसाच्या वेळा संपतात. नंतर फोन करणाऱ्याला तीन-चार दिवसांनंतरची वेळ द्यायची, नाहीतर उद्या आठला करा म्हणायचं, आणि शिव्या खायच्या. एकोणीस वर्षं मी हे करतेय, आणि लोक मला दारावरची कुत्री म्हणतात तेही मला ठाऊक आहे. पण खरी अडचण शिव्या देणाऱ्यांची नसते. आरडाओरडा करणाऱ्याचं काय दुखतंय ते निदान कळतं. अडचण आपल्या बाबांसारख्यांची. "तुम्हाला त्रास द्यायचा नव्हता हो," असं म्हणून सुरुवात करतात आणि "दुसऱ्या कुणाला जास्त गरज असेल तर राहू दे," म्हणून संपवतात. मधलं जे असतं ते तुम्ही शोधून काढायचं.

बाबांची आणि रांगेची गोष्ट तुला सांगायला नको. नगरपालिका भाड्याने देते त्या भाजीच्या वाफ्यासाठी अकरा वर्षं थांबले. मधे एकदा कचेरीतल्या त्यांच्या मित्राने सांगितलं होतं, क्लिफ, तुझं नाव वर सरकवतो, कुणाला कळणार नाही. बाबांनी त्याच्याशी दोन वर्षं बोलणं टाकलं. मी दवाखान्यात लागले तेव्हा पहिल्याच दिवशी मला दम दिला, "पोरी, तू तिथे बसतेस म्हणून सगडन घराण्याची सोय झाली, असं कुणाच्या तोंडून मला ऐकायला लागलं तर बघ." मी म्हटलं, "बाबा, तुम्हाला वेळ लागली तर मला घरी सांगा, मी लिहून टाकीन." तर माझ्याकडे असं बघितलं जणू मी चर्चची दानपेटी फोडायला निघालेय. एकोणीस वर्षांत एकदाही सांगितलं नाही. सगळ्यांसारखा आठला फोन, सगळ्यांसारखं ते बीभत्स संगीत ऐकत बसणं.

आणि त्यांचं ते "जरासं". बस चालवत होते तेव्हा दारात बोट अडकून पेर गेलं. घरी येऊन आईला म्हणाले, जरासं चिमटलंय. आईचं शेवटचं दुखणं सुरू झालं तेव्हा तुला फोनवर काय सांगितलं होतं आठवतं? आईला जरा बरं नाही, सवडीने ये. तू सवडीने आलीस आणि आई नव्हती. तेव्हा तू स्वयंपाकघरात माझ्यावर ओरडली होतीस, "तुला तरी कळायला हवं होतं! तू इथे राहतेस, तुला त्यांची भाषा येते!" मी उलट बोलले होते, पण तुझं बरोबर होतं. गावात ती भाषा माझ्याइतकी कुणाला येत नव्हती.

आता फरझानाबद्दल. तू तिला बाबांच्या अंत्यविधीला पाहिलंस, पण तेव्हा ती कोण ते तुला माहीत नव्हतं. हिरवा कोट, मागच्या बाकावर. आमच्याच दवाखान्यात अकरा वर्षं आहे, आणि जन्म इथल्याच, शेजारच्या कीथलीचा. तिची बोली ऐकलीस तर तुला वाटेल बाबांचीच कुणी बहीण बोलतेय. तू दक्षिणेत राहून जी गमावलीस ती. ती फोनवर प्रत्येकाला एकच प्रश्न दोनदा विचारते. पहिल्यांदा, "कसं वाटतंय?" माणूस म्हणतो, "काही विशेष नाही." मग ती थोडी थांबते आणि म्हणते, "बरं, आणि खरं सांगायचं तर?" बस, एवढंच. निम्मे लोक तिथे रडायला लागतात. मी तिला चिडवायचे, अगं तुझ्यामुळे रांग अडते. तिच्या नावावर फोनमागे माझ्यापेक्षा दोन मिनिटं जास्त लागतात, तक्ता लावलेला असतो आमच्याकडे.

तुला कागदपत्रं मिळाली त्यात नोंदीपाशी एफ. एम. अशी अक्षरं होती. फरझाना मिर्झा. तू गावाच्या ग्रुपवर लिहिलंस की एफ. एम. नावाच्या बाईने माझ्या वडिलांचा जीव घेतला, तिला लाज असेल तर तिने समोर यावं. तू पूर्ण नाव लिहिलं नाहीस हे खरं, पण आमच्या दवाखान्यात एफ. एम. दुसरं आहे कोण? संध्याकाळपर्यंत दोनशे लोकांनी खाली लिहिलं. एकाने लिहिलं, ज्यांना आपली भाषा कळत नाही त्यांना फोनवर बसवलं की हेच होणार. त्याखाली तू एक हृदय ठेवलंस, बेव्ह. लक्षात तरी आलं का तुझ्या? धुसफुसत बोट फिरवताना पडलं असेल, असं मी स्वतःला सांगते. इथे आधीच, बाहेरच्यांनी निघून जावं म्हणणाऱ्यांनी सगळ्या दिव्याच्या खांबांवर झेंडे लावलेत. गेल्या शुक्रवारी सकाळी एक तिच्या फाटकाला बांधलेला होता, आणि त्याखाली एक बिनसहीचा कागद, मजकूर लिहिण्यासारखा नाही. तिची आई त्या दिवसापासून घराबाहेर पडलेली नाही. दुकानात एका बाईने फरझानाच्या तोंडावर तिला खुनी म्हटलं, आणि ही आपली म्हणाली, "सॉरी, जरा वाट देता का?" मी शेजारच्याच फळ्यांच्या ओळीत पावांपाशी उभी होते. मी बाहेर आले नाही.

बाहेर आले नाही, कारण बाबांचा फोन मी घेतला होता.

त्या सोमवारी फोनवर फरझाना होती आणि खिडकीवर माझी पाळी होती. खिडकीपाशी एक गृहस्थ कालची वेळ चुकली म्हणून काच बडवत होता. मला खिडकी सहन होत नाही, कधीच झाली नाही. मी तिला म्हटलं, "तू जा ना गं, तुझं ऐकतात ते." ती उठली, मी तिच्या खुर्चीत बसले. कॉम्प्युटर तिच्या नावाने उघडलेला होता, तसाच राहिला. आठ चाळीसला बाबा लागले. चाळीस मिनिटं थांबले होते, रांगेत सतरावे. घरच्या माणसाचा फोन आपण घ्यायचा नाही, दुसरीकडे द्यायचा, असा आमचा नियम आहे. मी तसं म्हटलंही. पण दुसरीकडे दिला की फोन पुन्हा रांगेच्या शेवटी जातो, ते ऐकून बाबांनी घाईने सांगितलं, "नको नको, आता नंबर लागलाय तर तूच लिही. पण सगळ्यांसारखंच लिही हं." मी सगळ्यांसारखंच लिहिलं. गुरुवार, दहा वीस, तातडीचं नाही. साडेनऊला एकाने वेळ रद्द केली, त्याच दिवशीची, अकरा दहाची. एक क्षण बाबा डोळ्यांसमोर आले. मग वाटलं, लोक म्हणतील बापाला घुसवलं. रांगेत त्यांच्या मागची, अठरावी बाई होती, कान दुखत होता तिचा, तिला दिली. दुसऱ्याच दिवशी, मंगळवारी दुपारी, बाबा वाफ्याजवळच्या खुर्चीत सापडले.

तू आलीस ती आगीचा लोळ होऊन आलीस. चर्चच्या हॉलमध्ये, हॅमच्या सँडविचच्या टेबलापाशी, तू सगळ्यांसमोर म्हणालीस की जिने तो फोन घेतला तिला आयुष्यात पुन्हा शांत झोप लागू नये. मी तेव्हा तुझ्याच कपात चहा ओतत होते. ओतून झाल्यावर विचारलं, "साखर?" मला तेवढंच सुचलं. त्यानंतर एकेक दिवस जात गेला आणि रोज सांगणं जास्त अवघड होत गेलं. माझ्या भित्रेपणाला दुसरं नाव नाही, आणि मी शोधतही नाही.

काल मी फरझानाच्या घरी गेले. दार किलकिलं करून आधी तिने रस्ता बघितला, मग मला आत घेतलं. मी सांगायला तोंड उघडलं तर म्हणाली, "मला माहीत आहे. त्या वेळी मी खिडकीवर होते, मला माहीत नसेल?" मी विचारलं, "मग मिसेस प्रॉक्टरना का नाही सांगितलंस?" म्हणाली, "तुझे वडील गेले होते, लॉरेन. म्हटलं, पोरीला आधी रडून घेऊ दे, मग आपणहून सांगेल." मी म्हटलं, "आणि मी सांगितलंच नसतं तर?" ती थांबली, तशीच, फोनवर थांबते तशी, आणि म्हणाली, "मग मंगळवारी तुझा आवाज सगळ्यांनी ऐकला असता. पण खरं सांगायचं तर मी फार चिडलेय तुझ्यावर. आता जा." मी गेले. आज सकाळी मिसेस प्रॉक्टरना लिहून दिलं. त्यांनी किटली लावली, मी चहा घेतला नाही. पुढचं कळेपर्यंत मी घरीच आहे.

तेव्हा तक्रार मागे घेऊ नकोस, बेव्ह. फक्त नाव बदल. ग्रुपवर तुझ्याच हाताने लिही की ती फरझाना नव्हती, माझी बहीण होती, आणि ते हृदय काढ. माफी मी मागत नाही. तुला द्यावीशी वाटली तर वर्षा-दोन वर्षांनी बघू. हे पत्र मात्र वेगळ्याच कारणासाठी लिहिलं. मी कबूल केलं तरी मंगळवारी रेकॉर्डिंग लावणारच आहेत, आणि त्यात काय आहे ते तुला तिथे, परक्या माणसांसमोर, पहिल्यांदा ऐकायला लागू नये. त्यात आम्ही हसतोय. मी नियमाप्रमाणे जन्मतारीख विचारते आणि बाबा म्हणतात, "तुझ्या आईला विचार, तिला केकसकट पाठ होती." मी हसते. ते म्हणतात, "बाई, तुमच्याकडे कुणी लॉरेन म्हणून बसते ना, फार खडूस आहे म्हणे." मी आणखी हसते, तेही हसतात, आणि त्या हसण्यातच म्हणतात, "छातीत जरासं आवळल्यासारखं होतंय, बाकी मजेत." मग त्यांचं हसू मधेच तुटतं. दोन-तीन सेकंद नुसता श्वास ऐकू येतो. तिथे मी काहीतरी विचारायला हवं होतं. तिथे मी अजून हसतेय. तुला वाटेल आम्ही दोघं किती मजेत होतो. आम्ही होतोच, बेव्ह. कित्येक महिन्यांत आम्ही एकमेकांशी इतकं छान बोललो नव्हतो.

तुझीच,
लॉरेन