आधी गाव, मग मी

७ मार्च २०२१, रविवार
गावात लस येणार. साठीच्या वरच्यांना आधी. तालुक्याच्या मीटिंगला सरपंच म्हणून माझ्या बायकोला, राजेश्वरीला बोलावलं होतं. बाईमाणसाला अशा ठिकाणी अवघड जातं, म्हणून मीही गेलो. ती बोलली, मी मान हलवली. काम दोघांनी मिळून केलं.
येताना ठरवलं. पाटण तालुक्यात शंभर टक्के लसीकरण झालेलं पहिलं गाव आपलं. दोन आठवडे पुरेत. सरपंच ती असली तरी मोहीम मीच चालवणार. तिच्या एकटीवर किती टाकायचं?

१० मार्च, बुधवार
पहिली लस आईला. बनुबाई, वय बहात्तर, दम्याचा त्रास, शिवाय सरपंचांच्या सासूबाई. यापेक्षा चांगला आदर्श कुठं मिळणार? आईला विचारलं. म्हणाली, "उद्या चल म्हटलास तर उद्या येती. त्यात काय हाय?"
म्हटलं, थांब. ही गुपचूप जाऊन घ्यायची गोष्ट नाही. मांडव, स्पीकर, आमदारसाहेबांच्या हस्ते उद्घाटन. साहेबांच्या पीएला लगेच फोन केला. "बघतो," म्हणाला. म्हणजे नक्की.

१५ मार्च, सोमवार
उपकेंद्रात प्रीती सिस्टर लस घेऊन आल्या. सांगलीकडच्या आहेत. बोलायला गोड, पण घाई फार. एका बाटलीत दहा जणांची लस, आणि एकदा उघडली की काही तासांत संपवावी लागते. म्हणाल्या, "दादा, आईंना आणा की आजच."
साहेबांची तारीख आलेली नाही हे यांना कसं सांगणार? म्हटलं, आईचं पोट बिघडलंय. तेवढ्यात आई समोरच्या गिरणीतून दळणाचा डबा घेऊन बाहेर आली. सिस्टरनी तिच्याकडं बघितलं. मी फोनकडं.

२४ मार्च, बुधवार
अडचण. शेजारच्या वाडीचे हरिबा लस घेतल्यावर तीन दिवसांनी गेले. हृदयाचं जुनं दुखणं, आधी दोन झटके येऊन गेलेले. सिस्टर दारोदार हेच सांगतायत. पण पारावर वेगळंच चाललंय.
मी तातडीनं पारावर गेलो. ठणकावून सांगितलं, अफवांवर विश्वास ठेवू नका, लस सुरक्षित आहे.
आमच्या शेजारचा गुंडा म्हणाला, "आवं दादासो, मग तुमच्या आईनं का घेतली न्हाई अजून?"
सगळे माझ्याकडं बघायला लागले. म्हटलं, प्रोटोकॉल आहे.
"म्हंजी काय?"
म्हटलं, ते वरून ठरतं.
लोक उठून गेले. पटलं असावं.

२५ मार्च, गुरुवार
पटलेलं नाही. सिस्टर सकाळपासून बसून. चारच माणसं आली. चौघांसाठी बाटली फोडली तर बाकीची वाया. दुपारपर्यंत वाट बघून ती चौघंही घरी गेली. लसीचा निळा डबा आला तसा तालुक्याला परत.
जाताना सिस्टर राजेश्वरीला म्हणाल्या, लोक विचारतात, सरपंचांच्या घरातलंच माणूस घेत नाही तर आमचा जीव काय वर आलाय का?
राजेश्वरीनं रात्री ताट माझ्यापुढं सरकवलं आणि आत निघून गेली. दमली असेल.

१ एप्रिल, गुरुवार
आजपासून पंचेचाळीसच्या वरच्यांनाही. मी एक्कावन्न. सकाळपासून जो भेटेल तो विचारतो, "दादासो, आता तुमी घेताय न्हवं?" मी एकच उत्तर दिलं. गावजेवणात वाढणारा शेवटी जेवतो. आधी गाव, मग मी. एकदोघांच्या डोळ्यांत पाणी आलं असावं. ऊनही होतं.
शिवाय डावा खांदा दोन दिवस अवघडलाय. सुईचा काही संबंध नाही. उशी बदलली पाहिजे.

२ एप्रिल, शुक्रवार
राजेश्वरी परस्पर जाऊन लस घेऊन आली! ती शेहेचाळीसची, बसते नियमात, पण मला न सांगता? मांडव नाही, फोटो नाही. चुलीवर दूध ठेवून गेली आणि उतू जायच्या आत आली म्हणे. तिच्यामागं बचतगटाच्या बायका गेल्या. बाटली फुटली, संपली, दुसरी फोडावी लागली.
माझ्या मोहिमेला आलेलं हे पहिलं यश.
ती आईलाही चला म्हणाली होती. आई म्हणाली, "दादूनं थांब म्हटलंय. त्याला इचारते." माझ्या शब्दाला घरात एवढा मान आहे. बरं वाटलं.

६ एप्रिल, मंगळवार
निर्बंध लागले. साहेबांचे सगळे कार्यक्रम रद्द. पीए फोनवर नीट बोललासुद्धा नाही. ठीक. नवा निर्णय: आईची लस अगदी साधेपणानं. साधेपणाचाही आदर्श घालता येतो. उद्याच नेतो.

७ एप्रिल, बुधवार
उद्या. आज आईची एकादशी. उपाशीपोटी नको.

८ एप्रिल, गुरुवार
साताऱ्याला काम निघालं. परवापर्यंत नक्की.

९ एप्रिल, शुक्रवार
उपकेंद्राला कुलूप. दारावर कागद: लस शिल्लक नाही. सिस्टरना फोन केला. म्हणाल्या, आपल्याकडंच नाही, सगळीकडंच संपलीय, कधी येईल सांगता येत नाही. मी म्हटलं, हे काय नियोजन झालं? त्यांनी फोन ठेवला.
यंत्रणेचा ढिसाळपणा. पत्र लिहिणार.

२२ एप्रिल, गुरुवार
पत्र लिहायचं राहिलं. गावात पॉझिटिव्ह वाढतायत. वरच्या आळीत एक, सुतारांच्यात दोघं. कुणी बसू नये म्हणून पाराला पत्रे मारले. आता सगळ्यांनाच लस हवी. ज्यांना मी मार्चमध्ये पाया पडून सांगत होतो तेच दार वाजवतायत, "लस कवा येनार?" मी म्हणतो, पाठपुरावा चालू आहे. चालू आहेच. रोज विचार करतो.

४ मे, मंगळवार
लस आली. पण थोडी, आणि मोबाइलवर नाव नोंदवलेल्यांना आधी. आपल्याकडं रेंज डोंगरावर. सकाळी बघतो तर उपकेंद्रापुढं एमएच बाराच्या गाड्या! पुण्याची माणसं, तिथं नंबर लागेना म्हणून पहाटे निघून आलेली.
गुंडा एका गाडीला आडवा उभा राहिला. "आमच्या गावची लस हाय ही!" पुण्याचा माणूस मोबाइल दाखवत म्हणाला, "अहो, माझी आई पासष्ट वर्षांची आहे, आम्ही रीतसर बुकिंग केलंय." मी मध्यस्थी केली. दोन्हीकडून धक्के बसले. चष्मा वाकला. सिस्टर दारात उभ्या राहून हात जोडत होत्या.
आई रांगेत होती. मीच आणली होती. मास्क तिला धाप लागली की खाली ओढायची सवय. मी दोनदा खुणेनं वर कर म्हटलं. गर्दीत तिला दिसलं नसेल. बाराला लस संपली. तिच्यापुढं अजून बरीच माणसं होती.

९ मे, रविवार
आईला ताप. त्या दिवशीचं ऊन बाधलं.

१० मे, सोमवार
ऊनच. काढा दिला. राजेश्वरी म्हणते तपासणी करू. म्हटलं, उगाच घाबरवू नकोस तिला.

११ मे, मंगळवार
राजेश्वरीनं गावच्या आशा सेविकेकडचं ऑक्सिजन मोजायचं यंत्र आणून आईच्या बोटाला लावलं. शहाऐंशी. मी म्हटलं, यंत्र बिघडलंय. तिनं ते माझ्या बोटाला लावलं. अठ्ठ्याण्णव.
कराडला बेड नाही. साताऱ्यात नाही. वीसेक फोन केले. साहेबांचा पीए उचलत नाही. शेवटी सांगलीहून क्रांतीचा फोन आला. माझी धाकटी बहीण, तिकडंच दिलेली. "एका ठिकाणी मिळतोय, पर चारच्या आत या, न्हाईतर दुसऱ्याला देत्यात."
गुंडानं आपली जीप काढली. मास्क लावून, काचा उघड्या टाकून. मी नको म्हणायच्या आत चालू केली. मागं आई माझ्या खांद्यावर. इस्लामपूरच्या अलीकडं तिचे ओठ काळसर दिसायला लागले. मी गुंडाला हळू चालव म्हटलं, मग जोरात चालव म्हटलं. आई एकदाच बोलली. "दादू, गाडीचं तोंड घराकडं हाय का?"
पोचलो. चारला थोडं कमी होतं.

१४ मे, शुक्रवार
आत सोडत नाहीत. गेटबाहेर लिंबाखाली बसून. सगळे असेच बसलेत. आतून नाव पुकारलं की सगळे एकदम उठतात.
क्रांती डबा घेऊन आली. म्हणाली, "दादा, मार्चमदी गावात लस हुती न्हवं? मग आईला का दिली न्हाई?"
मी पुरवठ्याचा विषय समजावून सांगितला. केंद्र, राज्य, कंपन्या. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "मार्चमदी इचारते मी."
डबा तसाच राहिला. भूक नव्हती. उष्मा फार.

२४ मे, सोमवार
आईला सोडलं. वाळून गेलीय. न्हाणीपर्यंत गेली तरी धाप लागते. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं नाजूक झालीत, हिला लस आता तीन महिन्यांनी, तोवर हिच्याजवळ उठबस करणाऱ्यांनी तेवढी घेऊन टाका. माझ्याकडं बघून म्हणाले. "तुमची झालीच असेल."
मी मान डोलावली. गडबड फार होती तिथं.

३ जून, गुरुवार
शाळेत कॅम्प. राजेश्वरीनं तालुक्याला चार खेपा घालून खास गावासाठी लस मिळवली. मैदानावर पार ओढ्यापर्यंत रांग. कुणाला समजवायला लागलं नाही.
मी सकाळी सातपासून हजर. खुर्च्या मांडल्या, अंतर ठेवा म्हणून ओरडलो. माझा नंबर आला तेव्हा मागच्या म्हाताऱ्याला पुढं केलं. परत आला, गुंडाला पुढं केलं. मग पाणी संपलं होतं, ते बघायला गेलो. मग एक फोन आला. निदान येईल असं वाटलं होतं.
दोनला सिस्टर डबा बंद करताना म्हणाल्या, "दादा, तुमी बसलाच न्हाई की. संपली आता." मी म्हटलं, अरेरे. आधी गाव, मग मी. त्या दमून हसल्या. फार वाईट वाटलं. घरी येईपर्यंत खांद्याचं दुखणंही थांबलं होतं.
आई सोप्यात कॉटवर उशीला टेकून बसली होती. म्हणाली, "घितलीस का रं?"
म्हटलं, व्हय.
"दुखलं?"
म्हटलं, न्हाई.
ती सरकली. कॉटवर जागा केली. "मग ये की. महिना झाला, कुनी जवळ बसंना माझ्या."
मी दारात उभा. म्हटलं, आई, इथं वारं चांगलं आहे.
ती जागा करून बसूनच राहिली. मी उंबऱ्यावर बसलो. वारं नव्हतं.