तळपायाला लावलेलं तूप

माय, तू विसरभोळी ती विसरभोळीच. मरून इतकी वर्षं झाली, तरी स्वप्नात येतेस ती मला धाकटीच्याच नावाने हाक मारत. म्हणून आधीच सांगते, मी थोरली. मी सांगून राहिली आणि माझी सून लिहून राहिली. मी "मले" म्हटलं की ही "मला" लिहिते. लिहू दे, शिकलेली आहे.

तुला जशी छातीत गाठ झाली होती, तशी मला झाली. तू पदराखाली लपवलीस, मीही लपवली. फरक एवढाच की माझी या सुनेने न्हाऊ घालताना पकडली. आता लाखांदूरहून एसटीने नागपूरला जाते आणि लाल औषधाची बाटली शिरेतून चढवून घेते. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं, औषध जहाल आहे, उघडं सोडलं तर काळजालाही धरतं. म्हणून ते चरबीच्या फुग्यांत भरतात, डोळ्याला दिसणार नाहीत इतक्या बारीक. गाठीतल्या रक्ताच्या नळ्या तलावाच्या कच्च्या पाळीसारख्या पाझरतात, तिथून ते फुगे आत शिरतात. मला हसूच आलं. हिवतापाची कडू गोळी तू लोण्यात लपेटून आम्हाला गिळायला लावायचीस. चुलीपुढे बसून म्हणायचीस, "जिभेले कळू नोको, पोटाले कळू दे."

पण हे औषध तळहातांत नि तळपायांतही थोडं पाझरतं. तिथे घासायचं नाही, कढत पाणी नाही, असं बाईंनी बजावलं होतं, आणि घरी ही रोज तेच बोलायची. मागच्या बाटलीनंतर तळपायांची आग आग व्हायला लागली. सगळे धानाच्या रोवण्याला शेतावर, बांधीत गेलेले. मी तुझंच औषध केलं. तूप चोपडून काशाची वाटी फिरवली, तू तापानंतर फिरवायचीस तशी, वाटी काळी पडेपर्यंत. गरमी उतरली म्हणून खूश झाले. मग कातडंच सोलून निघालं.

दवाखान्यात बाईंनी विचारलं, पायांना काय केलं? आणि माय, मी म्हटलं, "माह्या हाती काय हाये? सून आंघोळीले कढत पाणी देते."

बाईंनी हिला सगळ्यांसमोर झाडलं. पाण्यात बोट बुडवून पाहिल्याशिवाय मला तांब्या न देणारी ही पोर, खाली मान घालून ऐकत राहिली. मग बाई म्हणाल्या, नुसत्या कढत पाण्यानेही पाय असे सोलत असतील तर हे औषध यांना सोसत नाही, पुढच्या खेपेला बंद करावं लागेल. तेव्हाही माझी जीभ हलली नाही. एरवी ती थांबत नाही, तुला ठाऊक आहे. परतीच्या एसटीत धक्के लागू नयेत म्हणून हिने माझे पाय आपल्या मांडीवर घेतले. मी खिडकीबाहेर धान बघत बसले, जसं काही जन्मात धान पाहिलं नव्हतं.

इथे हिचा पेन थांबला. मी म्हटलं, लिव्ह. ही म्हणते, "मले ठाऊक होतं, आत्याबाई. वाटी मीच घासली."

"मंग तिथं काहून नाही बोलली?"

"चार लोकायपुढं तुमचं उणं काढू का?"

माय, उद्या परत नागपूर आहे. वाटीचं बाईंना मीच सांगणार, त्याच सगळ्यांसमोर. पण हिच्याकडे तोंड करून "चुकलं" म्हणणं अजून होत नाही. तुझं नाव पुढे करून म्हटलं, तेवढंच. हा कागद कुठे धाडायचा नाही. तुला तरी कुठे वाचता येत होतं?

आता पुढचं तुला नाही, लिहिणारीला आहे. उद्या माझ्यासाठी नुसता मऊ भात घे. आणि लाखोळीच्या डाळीचे वडे तळून घे, तुझ्यासाठी. मागच्या खेपेला तू दिवसभर उपाशी होतीस, ते मी पाहिलं होतं.